फाइल डिस्क्रिप्टर: आकडा तोच, मागची नोंद वेगळी

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचा फाइल सर्व्हर फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे आणि मशीनच्या नोंदी गोळा करणारा प्रोग्राम विक्रेत्याने फक्त लिनक्ससाठी दिला आहे. सोर्स कोड मिळत नाही. मग फ्रीबीएसडीच्या लिनक्स कंपॅटिबिलिटी लेयरचा, म्हणजे लिनक्सुलेटरचा आधार घ्यावा लागतो. प्रोग्राम सुरू होतो, सुरुवातीला बरा चालतो आणि मग ‘टू मेनी ओपन फाइल्स’ यायला लागते, नाहीतर एखादी सर्व्हिस काही न बोलता अडकून बसते. ‘उघड्या फाइलींचे लिमिट वाढवा’ हा सल्ला कोणीही देतो. पण तो पुष्कळदा रोगावर नसून लक्षणावर असतो.

या लेयरचा इतिहास १९९५ च्या आसपास सुरू होतो. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी या दोघांनीही तेव्हा लिनक्सचे तयार प्रोग्राम चालवण्याची सोय केली. यात प्रोसेसरची नक्कल नाही. प्रोग्राम लिनक्सचा आहे हे ओळखून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याच्यासाठी सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे करतो त्या मागण्यांचा, वेगळा तक्ता लावतो आणि प्रत्येक कॉल आपल्या भाषेत फिरवून घेतो.

डिस्क्रिप्टर म्हणजे उघडलेल्या फाइलसाठी कर्नल प्रोग्रामला देतो तो क्रमांक. तो दोन्हीकडे सारखाच दिसतो: एक छोटा पूर्णांक, ०, १, २ आधीच घेतलेले, पुढचा मिळतो तो सगळ्यात लहान मोकळा. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या टोकनासारखा. परत दिला की तोच क्रमांक पुढच्या माणसाच्या हाती. म्हणून क्रमांकाचे भाषांतर लागत नाही. भाषांतर लागते ते क्रमांकाबरोबर येणाऱ्या फ्लॅग, कमांड आणि नियमांचे.

फ्लॅगच घ्या, म्हणजे फाइल कशी उघडायची ते सांगणारे आकडे. एक्स८६ लिनक्सवर ओ-अपेंडची किंमत हेक्समध्ये ४०० आहे. फ्रीबीएसडीवर ४०० म्हणजे ओ-ट्रंक. भाषांतर चुकले तर ‘लॉगच्या शेवटी लिही’ याचा अर्थ ‘लॉग पुसून टाक’ असा होतो. लिनक्सचा ओ-ट्रंक २००, तर इकडे २०० म्हणजे ओ-क्रिएट (फाइल नसेल तर बनव). लिनक्सचा नॉनब्लॉक (वाट पाहत थांबू नकोस) ८००, इकडे तो ओ-एक्सक्ल (फाइल आधीच असेल तर नकार दे). फाइल-लॉकचेही तसेच: लिनक्समध्ये एफसीएनटीएल या कॉलची ६ नंबरची कमांड लॉक लावते, फ्रीबीएसडीत ६ म्हणजे सिग्नल कोणाला जावा ते ठरवणे. त्यात एररचे आकडे अर्धवट जुळतात, हे जास्त फसवे. ९ (चुकीचा डिस्क्रिप्टर), २३ (पूर्ण सिस्टिमची मर्यादा भरली) आणि २४ (त्या प्रोसेसची मर्यादा भरली) दोन्हीकडे एकच. पण ‘पुन्हा प्रयत्न कर’ लिनक्सवर ११ आणि फ्रीबीएसडीवर ३५. फ्रीबीएसडीत ११ म्हणजे डेडलॉक.

हे तक्त्याचे काम असल्याने लवकर मार्गी लागले. खरी डोकेदुखी ईपोलने आणली. अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम लक्ष ठेवून हालचाल झाली की कळवणारी ही लिनक्सची सोय. फ्रीबीएसडीत त्याच कामासाठी २००० पासून केक्यू (केक्यूइव्ह कॉल) होतेच, म्हणून ईपोल त्याच्यावर बसवणे साहजिक होते. तशी जोडणी २०१६ मध्ये पोचली. पण दोघांचे नियम जुळत नाहीत. ईपोलची नोंद क्रमांकाला नाही, त्यामागच्या उघड्या फाइलला चिकटते; डुप कॉलने केलेली क्रमांकाची दुसरी प्रत उघडी असेल तर मूळ क्रमांक बंद केल्यावरही इव्हेंट येत राहतात. केक्यूमध्ये क्रमांक बंद झाला की नोंद गेली. फोर्कनंतर, म्हणजे प्रोसेसने आपली प्रत काढल्यावर, ईपोलचा डिस्क्रिप्टर त्या नव्या, मुलाच्या प्रोसेसकडे जातो, केक्यूचा जात नाही. एकच सॉकेट (प्रोग्रामांमधल्या संवादाचे टोक) ईपोलमध्ये दुसऱ्यांदा जोडले की एरर मिळायला हवी, केक्यू मुकाट्याने जुनी नोंद बदलते. शिवाय वाचन आणि लेखन ईपोलमध्ये एकाच नोंदीत मावते, केक्यूला दोन फिल्टर लागतात; काढताना एक राहून गेला की भुताटकीचे इव्हेंट सुरू.

दुसऱ्या प्रोसेसला सॉकेटवरून डिस्क्रिप्टर देण्यातही पॅकिंगचा घोळ आहे. ६४ बिट लिनक्सवर संदेशाच्या हेडरमधली लांबी ८ बाइटची, फ्रीबीएसडीवर ४ ची. हेडर नव्याने बांधताना मध्येच एरर आली आणि आत आलेले डिस्क्रिप्टर बंद करायचे राहिले, तर गळती लागते आणि प्रोग्रामला ती दिसतही नाही.

विंडोजने २०१६ मध्ये डब्ल्यूएसएलच्या, म्हणजे विंडोजवर लिनक्स प्रोग्राम चालवण्याच्या सोयीच्या, पहिल्या आवृत्तीत हाच भाषांतराचा रस्ता धरला आणि २०१९ मध्ये जाहीर केलेल्या दुसरीत तो सोडून सरळ लिनक्स कर्नलच आत बसवला. ओपनबीएसडीने २०१६ मध्ये ६.० आवृत्तीत लिनक्स लेयर काढूनच टाकली.

आता लिमिटकडे. फ्रीबीएसडीत प्रोसेसची मर्यादा सहसा लिनक्सपेक्षा कितीतरी मोठी असते. जुने प्रोग्राम सुरू होताना ३ पासून त्या मर्यादेपर्यंतचा प्रत्येक क्रमांक बंद करत जातात. मर्यादा लाखांत असेल तर तेवढ्यातच सीपीयू गुंतून पडतो. म्हणून अलीकडच्या आवृत्त्यांत लिनक्स प्रोग्रामसाठी ‘डिफॉल्ट_ओपनफाइल्स’ हे वेगळे सिसकंट्रोल (कर्नलचे सेटिंग) आहे आणि त्याची किंमत मुद्दाम १०२४ ठेवली आहे. ती आंधळेपणाने वाढवू नये. ईपोलचेच काम करणारा जुना सिलेक्ट कॉल वापरणाऱ्या प्रोग्रामचा तक्ता १०२४ बिटांचाच असतो, त्यापलीकडचा क्रमांक शेजारची मेमरी खराब करतो.

त्याआधी प्रोकस्टॅट या फ्रीबीएसडीच्या कमांडने त्या प्रोसेसचे डिस्क्रिप्टर दर १० मिनिटांनी मोजावेत. प्रकाराच्या रकान्यात ‘व्ही’ म्हणजे फाइल, ‘एस’ सॉकेट, ‘पी’ पाइप, ‘के’ केक्यू. एकाच फाइलचे ‘व्ही’ वाढत असेल तर तोच प्रोग्राम साध्या लिनक्सवर चालवून पाहावा. तिथेही वाढले तर दोष विक्रेत्याचा. फक्त इकडेच वाढत असेल तर ट्रस या कमांडने सिस्टिम कॉलचा माग घ्यावा आणि उघडल्यानंतर कधीच बंद न झालेला क्रमांक शोधावा. आकडा स्थिर असून प्रोग्राम लटकत असेल, तर संशय ईपोलवर. आणि सुरुवातीलाच एक तपासणी: लिनक्सच्या फोल्डरखाली ‘डेव्ह/एफडी’ वर एफडेस्कएफएस (डिस्क्रिप्टर फाइलींसारखे दाखवणारी फाइल सिस्टिम) ‘लिनआरडीएलएनके’ पर्यायासह माउंट झाले आहे ना. तो पर्याय नसेल तर डिस्क्रिप्टर सिमलिंकऐवजी (दुसऱ्या फाइलचा पत्ता सांगणाऱ्या दुव्याऐवजी) कॅरेक्टर डिव्हाइस म्हणून दिसतात, आणि लिंक वाचून फाइलचा पत्ता काढणारे प्रोग्राम तिथेच अडखळतात.