हीटिंगचा मुहूर्त आणि साडेपंधरा अंशांचं कोडं

सप्टेंबर उतरणीला लागला की इंग्लंडमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटावर गणपतीचे फोटो मागे पडतात आणि एकच वाद पेटतो: घरातलं हीटिंग कधी लावायचं? एक पक्ष मुहूर्तवाल्यांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की लावायचं, त्याआधी बॉयलरला, म्हणजे पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरांत फिरवणाऱ्या यंत्राला, हात लावायचा नाही. दुसरा पक्ष सांगतो की एकदा लावलं की बंदच करू नका, चोवीस तास मंद चालू ठेवा, स्वस्त पडतं. यंदा कुणीतरी नवीन भर घातली: रस्त्याकडेच्या झाडांना लाल फळं लगडलीत, म्हणजे हिवाळा कडक जाणार. फळं भरपूर लागली कारण वसंतात मोहोर टिकला आणि उन्हाळा मानवला. येत्या जानेवारीची बातमी त्या झाडाला कोण देणार?

या सगळ्या चर्चेत घराबद्दल कोणी बोलत नाही. एकाच रस्त्यावर, एकाच थंडीत, एका घराला सप्टेंबरअखेर हीटिंग लागतं आणि दुसऱ्याला नोव्हेंबर संपेपर्यंत लागत नाही. असं का होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

सरकारांनी आपापल्या परीने हा प्रश्न सोडवलाय. बीजिंगमध्ये शहराचं सामाईक हीटिंग साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होतं आणि १५ मार्चला बंद. थंडी लवकर आली तर तारीख अलीकडे घेतात. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेरचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या (सुमारे १३ सेल्सिअस) खाली गेलं, तर घरमालकाने भाडेकरूच्या घरात किमान ६८ फॅरनहाइट (२० सेल्सिअस) ठेवायलाच हवं. रशियाचा नियम मला सगळ्यांत आवडतो: लागोपाठ पाच दिवस बाहेरचं सरासरी तापमान ८ अंशांखाली राहिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हीटिंग सुरू झालं पाहिजे. हे पाच दिवस कुठून आले, ते पुढे येईलच.

ब्रिटनमध्ये घराघरात स्वतंत्र बॉयलर, त्यामुळे असा सरकारी मुहूर्त नाही. पण ऊर्जेचा हिशेब ठेवणारे इथले इंजिनिअर एक आकडा कायम वापरतात: १५.५ अंश. बाहेरचं दिवसभराचं सरासरी तापमान याच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे ‘अंश-दिवस’. सरासरी १०.५ असेल तर ५ अंश-दिवस. हिवाळ्याचे सगळे अंश-दिवस मिळवले की इंधन किती लागणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. जाता जाता सांगतो, ही मोजणी हीटिंगसाठी जन्मली नाही. १८७८ मध्ये रिचर्ड स्ट्रॅची यांनी पिकांच्या वाढीच्या संदर्भात ती मांडली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, ज्याने दख्खन होरपळून काढलं, नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष ते हेच स्ट्रॅची.

आता कोडं असं: घरात आपल्याला १९-२० अंश हवेत. मग हिशेब २० पासून का नाही? बाहेर १७ असताना आत २० हवे असतील तर तीन अंशांची तूट आहेच ना? ती कोण भरून काढतं?

ती आपणच भरून काढतो. घर म्हणजे भोक पडलेला हौद समजा. पाण्याची पातळी जितकी उंच, तितकी गळती जोरात. घरातली उष्णताही तशीच, आत-बाहेरच्या तापमानातला फरक जितका जास्त तितकी वेगाने बाहेर जाते. भोक किती मोठं, हे सांगणारा प्रत्येक घराचा एक आकडा असतो: एक अंश फरकामागे किती वॉट उष्णता गळते. शंभर वर्षांपूर्वीचं, भरीव विटांच्या भिंतींचं, दोन्ही बाजूंना शेजार असलेलं घर घ्या. त्याचा आकडा साधारण २५० वॉट प्रति अंश धरू. बाहेर १० आणि आत २० असेल तर सतत २,५०० वॉट बाहेर चाललेत.

पण या हौदात बॉयलरशिवायही पाणी पडत असतं. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. चौघांचं कुटुंब, शाळा-ऑफिसची वेळ वगळून, सरासरी २०० वॉट धरा. फ्रिज, टीव्ही, दिवे, मिक्सर यांत गेलेली वीज शेवटी उष्णताच होते. ब्रिटनमधल्या सर्वसाधारण घराचा वर्षाचा वीजवापर २,७०० युनिट धरू (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). त्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी भागलं की सरासरी ३०० वॉट. स्वयंपाकाचा गॅस आणि आंघोळीचं गरम पाणी मिळून १०० म्हणू. आणि दक्षिणेकडच्या खिडक्यांतून येणारं सप्टेंबरचं ऊन, दिवसरात्रीची सरासरी काढली तर ४०० वॉट. बेरीज १,००० वॉट. आता १,००० ला २५० ने भागा: ४ अंश. म्हणजे एकही रेडिएटर न लावता हे घर बाहेरपेक्षा ४ अंशांनी उबदार राहतं. आत १९.५ हवे असतील तर बाहेर १५.५ होईपर्यंत बॉयलरची गरजच नाही. आला की नाही तो आकडा? (मी गोल आकडे निवडलेत म्हणून तो इतका चपखल आला हे खरं, पण खऱ्या घरांची सरासरी याच आसपास पडते.) या तापमानाला आपण घराचं ‘समतोल तापमान’ म्हणू.

खरी गंमत पुढे आहे. तेच कुटुंब, तोच फ्रिज, तेच ऊन, पण घर नवीन, भिंतींत उष्णता अडवणारं जाड इन्सुलेशन, खिडक्या घट्ट. गळती ८० वॉट प्रति अंश. १,००० भागिले ८० म्हणजे १२.५ अंश. या घराचं समतोल तापमान ७! बाहेर ९ अंशांत शेजारचा कुडकुडतोय आणि ही मंडळी टी-शर्टवर बसलीत. यात ना कुणाची सहनशक्ती ना कुणाची कंजुषी, निव्वळ भागाकार आहे. गटावर ‘आम्ही तर अजून लावलंच नाही’ असं मिरवणाऱ्यांनी आधी आपल्या भिंतींचे आभार मानावेत.

शिवाय समतोल तापमान जागेवर थांबत नाही. नोव्हेंबरात सूर्य खाली उतरतो, दिवस आखडतो, ढग पाठ सोडत नाहीत. उन्हाचे ४०० वॉट १५० वर येतात. बेरीज ७५० झाली की जुन्या घराचा फायदा ४ वरून ३ अंशांवर, आणि समतोल तापमान १६.५ वर. म्हणून बाहेरचं तापमान तेच असूनही नोव्हेंबरातल्या मळभात घर सप्टेंबरपेक्षा गार पडतं.

आता रशियाचे पाच दिवस. घर उष्णता गमावतं तसंच ती साठवूनही ठेवतं, विटांत, फरशीत, फर्निचरमध्ये. घराचं तापमान एका अंशाने उतरायला किती ऊर्जा बाहेर जावी लागते, त्याला गळतीच्या आकड्याने भागलं की उत्तर तासांत येतं. त्याला कालस्थिरांक म्हणतात. आपल्या जुन्या घरात साठवण साधारण ६.२५ युनिट प्रति अंश धरली, तर ६,२५० भागिले २५० म्हणजे २५ तास. हीटिंग नसताना बाहेरचं तापमान एकदम कोसळलं, तर नव्या समतोलापर्यंतच्या घसरणीतला ६३ टक्के भाग २५ तासांत पार पडतो, उरलेल्याचा ६३ टक्के पुढच्या २५ तासांत, असं घातांकी वक्राने चालतं. जाड भिंतींच्या मोठ्या इमारतींत हाच आकडा कित्येक दिवसांचा होतो. थोडक्यात, घराला आजची थंडी आज कळत नाही, ते गेल्या काही दिवसांची सरासरी अनुभवत असतं. एखादी रात्र ३ अंशांवर गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण चार-पाच दिवस सलग समतोलाच्या खाली गेले तर भिंतींतला साठा संपला समजा. पाच दिवसांच्या सरासरीचा नियम म्हणूनच भौतिकशास्त्राच्या जवळचा वाटतो. घड्याळाच्या रविवारात असलं काही नाही.

भिंती गार पडल्या की थर्मोमीटरही अर्धंच खरं सांगतो. आत २०, बाहेर ८ असताना भरीव विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १७ अंशांच्या आसपास असतो, नव्या घरात तो साडेएकोणीसच्या वर. आपलं शरीर हवेला उष्णता देतं तसंच समोरच्या भिंतीलाही, अवरक्त किरणांतून, आणि शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही वाटा साधारण सारख्याच रुंद असतात. म्हणून तेच २० अंश जुन्या घरात साडेअठरासारखे भासतात. थर्मोस्टॅट २० दाखवतोय म्हणून कुडकुडणाऱ्या माणसाला खोटं पाडू नका.

मंद आचेवर चोवीस तास वाल्यांचा मुद्दा आता हौदानेच निकालात निघतो. पातळी उंच ठेवली की गळती जास्त, ती खाली जाऊ दिली की कमी. पुन्हा भरायला लागणारं पाणी, नळ बंद असताना न ओतलेल्या पाण्यापेक्षा कधीच जास्त नसतं. बाहेर ५ अंश असताना जुनं घर दिवसभर २० वर ठेवायला, फुकटचे तेच १,००० वॉट वजा जाता, ६६ युनिट लागतात. रात्री आठ तास बंद ठेवलं तर घर १७ पर्यंत उतरतं आणि जवळपास ४ युनिट वाचतात. फार नाहीत, पण वाचतात. अपवाद हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत आणणाऱ्या यंत्राचा: तो कोमट पाण्यावर सावकाश चालला की जास्त कार्यक्षम असतो, त्याला पहाटे दामटवणं महागात पडू शकतं. गॅस बॉयलरला हा युक्तिवाद इतका लागू होत नाही.

दर ऑक्टोबरला कुंडीखाली मेणबत्त्या लावून खोली गरम करायचा व्हिडिओही फिरतो. छोटी मेणबत्ती ३०-४० वॉट देते, वर कुंडी ठेवली काय आणि न ठेवली काय. आग लागायचा धोका मात्र खरा. त्यापेक्षा शेजारच्या काकांना चहाला बोलवा, ते १०० वॉट देतात.

काटकसरीलाही खालची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समशीतोष्ण आणि थंड देशांसाठी घरात १८ अंश ही सुरक्षित पातळी दिलीय, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना त्याहून जास्त लागू शकतं. भारतातून आलेले आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत थांबले असतील तर समतोल तापमानाचं गणित बाजूला ठेवा. दुसरं कारण ओल. भाताचा कुकर, आंघोळी, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. पृष्ठभागाजवळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आधी कपाटामागे आणि कोपऱ्यांत. ती दिसली तर समतोल वगैरे विसरून हीटिंग लावा आणि स्वयंपाकघराचा पंखा चालवा.

ज्यांना स्वतःच्या घराचा आकडा काढायचाय त्यांना वेगळं उपकरण लागत नाही. गॅसच्या स्मार्ट मीटरचे रोजचे आकडे सप्टेंबर ते डिसेंबर उतरवून घ्या, शेजारी त्या दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान. आलेखावर टिंबं मांडा. उबदार दिवसांची टिंबं जवळपास आडव्या रेषेत येतील, तो आंघोळीचा आणि स्वयंपाकाचा गॅस. एका ठिकाणी रेषा मोडून वर चढायला लागेल. तो मोड म्हणजे तुमचं समतोल तापमान. चढाचा उतार, म्हणजे एका अंशामागे रोजचे किती युनिट वाढले, त्याला २४ ने भागून १,००० ने गुणा आणि बॉयलरच्या कार्यक्षमतेसाठी ०.९ ने, तुमच्या हौदाचं भोक वॉटमध्ये हातात येईल. हा आकडा २५० च्या वर निघाला तर पुढच्या उन्हाळ्यात पैसे आधी माळ्याच्या इन्सुलेशनला घाला, नव्या बॉयलरचं नंतर बघू.