बीआयएम वापरण्याआधी लिहून ठेवायच्या गोष्टी : बांधकाम करवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बडोद्यात रुग्णालय, शाळा, कारखान्याची शेड किंवा फ्लॅटची स्कीम उभी करू इच्छिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक लिहिले आहे. हल्ली पहिल्याच भेटीत अनेक जण आम्हाला सांगतात की त्यांना बीआयएम, म्हणजे इमारतीचे माहितीसकट संगणकावरचे मॉडेल, करून हवे आहे, आणि कशासाठी हवे आहे असे विचारले तर इमारत थ्रीडीमध्ये दिसावी, एवढेच उत्तर मिळते. केवळ तेवढ्यासाठी हा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मॉडेल कोणी करायचे, किती बारकाईने करायचे आणि त्यातून कोणता निर्णय कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा, हे काम सुरू होण्याआधी कागदावर आले तरच बीआयएमचा पैसा वसूल होतो.

नावाविषयी एक खुलासा आधी करतो. आपल्याकडे तुळईला सर्रास बीम म्हणतात आणि साइटवर बिम आणि बीम हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात, म्हणून या पत्रकात आम्ही सगळीकडे बीआयएम असेच लिहिले आहे. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग हे त्याचे पूर्ण नाव. साध्या नकाशात दार म्हणजे चार रेघा आणि एक कंस असतो. बीआयएम मॉडेलमध्ये त्याच दाराला स्वतःची रुंदी, उंची, साहित्य, आगीत टिकण्याची मुदत आणि बसवणाऱ्या कंपनीचे नाव असते, आणि ते दार एका ठिकाणी सरकवले की प्लॅन, सेक्शन आणि दारांचा तक्ता या तिन्हींमध्ये बदल होतो. माहिती घटकाला चिकटलेली असते, हे त्याचे खरे बळ आहे. पण कोणत्या घटकाला कोणती माहिती चिकटवायची हे संगणक ठरवत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते, आणि ते जिथे लिहिले जाते त्या दस्तऐवजाला बीआयएम अंमलबजावणी आराखडा किंवा थोडक्यात बीईपी म्हणतात.

शेवटाकडून मागे

आराखडा कसा करावा याचा विचार जगात बराच झालेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने केलेल्या मार्गदर्शिकेच्या २०१०च्या आवृत्तीत बीआयएमचे २५ उपयोग नोंदवले होते आणि आराखड्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : उपयोग निवडणे, त्या उपयोगांची कार्यपद्धती आखणे, कोणी कोणाला कोणती माहिती द्यायची हे ठरवणे, आणि त्यासाठी लागणारी माणसे, करार व साधने यांची तजवीज करणे. पुढे २०१८ मध्ये आयएसओ १९६५० या मानकाचे पहिले दोन भाग आले. त्यात आधी मालकाने आपल्याला कोणती माहिती हवी हे सांगावे आणि मग काम करणाऱ्यांनी ती कशी देणार हे आराखड्यातून सांगावे, असा क्रम घालून दिलेला आहे. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे नेमके उलटे घडते : सल्लागार आपल्याला जमेल ते मॉडेल करून देतो आणि मालक ते पाहून समाधान मानतो.

उपयोग निवडताना इमारत वापरात आल्यानंतरच्या दिवसापासून मागे यावे. पाच वर्षांनी पंप बिघडला तर देखभाल पाहणाऱ्या माणसाला काय लागेल? पंपाचा मॉडेल क्रमांक, हमीची तारीख, कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि तो कोणत्या छताच्या आड आहे. एवढे मिळाले तर त्याचे काम होते. त्याला पंपाचा प्रत्येक नटबोल्ट काढलेला नको असतो. त्याआधी ठेकेदाराला काय लागेल, त्याच्याही आधी आरसीसी सल्लागाराला काय लागेल, असे मागे मागे येत गेले की २५ पैकी आपल्या कामाला लागणारे चारपाच उपयोगच उरतात. उरलेले सोडून देण्यात कमीपणा नाही.

बडोद्यापुरता एक उपयोग मात्र आम्ही प्रत्येक ग्राहकाला सुचवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळघरात आणि जमिनीलगत बसवलेले विजेचे पॅनेल, पंप व जनरेटर पाण्यात गेलेले आपण सर्वांनी पाहिले. आपल्या जागेवर त्या वेळी पाणी कुठवर चढले होते ती खूण मोजून घ्यावी आणि मॉडेलमध्ये त्या उंचीचा एक आडवा पृष्ठभाग ठेवून द्यावा. मग त्याखाली येणारे प्रत्येक उपकरण यादीत दिसते आणि ते वर न्यायचे की नाही याचा निर्णय प्लिंथ भरण्याआधी घेता येतो. यासाठी सर्व सल्लागारांनी एकच शून्य पातळी आणि एकच मूळ बिंदू धरला पाहिजे. वास्तुविशारदाने रस्त्याचा मध्य शून्य धरला आणि आरसीसीवाल्याने तयार जमीन शून्य धरली, तर दोघांची मॉडेल एकमेकांवर ठेवल्यावर मजलेच जुळत नाहीत. आराखड्यातली ही एक ओळ आहे, पण आम्ही ती पहिल्या पानावर लिहितो.

फॉल्स सीलिंगवरची तीनशे मिलिमीटर जागा

वेगवेगळ्या कामांची टक्कर आधी शोधणे हा बीआयएमचा सर्वांत परिचित उपयोग आहे. तो कसा चालतो हे एका नेहमीच्या मजल्यावरून दाखवतो. मजल्याची उंची ३३०० मिलिमीटर, स्लॅबसकट तुळईची खोली ६००, म्हणजे तुळईखाली २७०० उरले. फॉल्स सीलिंग २४०० वर हवे असेल तर तुळई आणि सीलिंग यांच्यामध्ये ३०० मिलिमीटर जागा मिळते. एसीची डक्ट ३०० खोलीची ठरली आणि तिच्यावर वरखाली २५-२५ मिलिमीटरचे इन्सुलेशन आले की ती ३५० झाली. आता ती तुळईखालून जात नाही. त्याच पट्ट्यात सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पाइप आहे. त्याला १००ला १ असा उतार द्यायचा तर नऊ मीटरच्या धावेत तो ९० मिलिमीटर खाली उतरतो आणि शेवटच्या टोकाला, क्लॅम्प सोडूनच, त्याला २०० मिलिमीटर जागा लागते. नकाशावर डक्ट, पाइप आणि तुळई या तीन वेगळ्या कागदांवर असतात आणि तिन्ही कागद आपापल्या जागी अगदी बरोबर असतात.

ही अडचण मॉडेलमध्ये दिसली तर डक्ट रुंद आणि उथळ करणे, पाइपची दिशा बदलणे किंवा तुळईत आधीच स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यापुरती नळी, ठेवणे, असे तीन मार्ग मोकळे असतात. स्लॅब भरल्यानंतर दिसली तर काँक्रीटला भोक पाडणारे कोअर कटिंगचे यंत्र आणावे लागते, ते सळई कापू शकते आणि मग आरसीसी सल्लागाराला पुन्हा हिशेब करून देणे भाग पडते. एका रुग्णालयाच्या कामात आम्हीच मॉडेल उशिरा दिले होते. पहिल्या मजल्याचा स्लॅब भरून झाल्यावर आमचा टकरींचा अहवाल साइटवर पोचला. अहवाल बिनचूक होता आणि तरीही निरुपयोगी होता. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजचे सीलिंग शेवटी ठरल्यापेक्षा दीडशे मिलिमीटर खाली घ्यावे लागले आणि तो पॅसेज आजही बुटका वाटतो. तेव्हापासून आमच्या आराखड्यात प्रत्येक स्लॅबची तारीख आधी लिहिली जाते आणि तिच्यापासून मागे मोजत जातो : शटरिंग लागण्याआधी स्लीव्हचा नकाशा मुकादमाच्या हातात, त्याआधी सल्लागारांची सही, त्याआधी टकरींची बैठक, आणि त्याआधी सर्वांची मॉडेल जमा. या साखळीतील तारीख चुकणार असेल तर ते आम्ही आपल्याला त्याच आठवड्यात कळवतो.

टकरींच्या यादीचा आकडा पाहून घाबरू नये. आपोआप शोध लावला की शेकडो नोंदी येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा किरकोळ असतात. भिंतीतून जाणारा वायरिंगचा पाइपही टक्कर म्हणून मोजला जातो. म्हणून कोणत्या कामाची कोणत्या कामाशी तपासणी करायची आणि किती मिलिमीटरपर्यंतची सूट धरायची हे आराखड्यात लिहिलेले असावे. वाट अडली तर कोणी हलायचे याचाही क्रम हवा. केबल ट्रे सर्वांत आधी हलते, डक्ट त्यानंतर हलते आणि उताराने वाहणारा पाइप शक्यतो हलत नाही, असा आमचा प्रघात आहे.

बारकावा किती हवा

घटक किती बारकाईने काढायचा याला एलओडी म्हणतात आणि तो १०० ते ५०० अशा पायऱ्यांनी मोजतात. १०० म्हणजे केवळ ढोबळ कल्पना. ३०० म्हणजे नेमका आकार आणि नेमकी जागा. ३५० मध्ये शेजारच्या घटकाशी असलेला जोड, आधार व क्लॅम्प येतात. ४०० वरून कारखान्यात वस्तू घडवता येते. आणि ५०० म्हणजे प्रत्यक्ष जागेवर पडताळून पाहिलेली स्थिती. संपूर्ण इमारतीला एकच आकडा लावण्याची मागणी आमच्याकडे वारंवार येते आणि आम्ही ती नम्रपणे नाकारतो. तुळया आणि कॉलम ३०० ला, डक्ट व पाइप ३५० ला, फर्निचर २०० ला, अशी घटकवार विभागणी केली की काम आटोक्यात राहते. सगळेच ५०० मागितले तर ते मोजायला माणसे साइटवर पाठवावी लागतात, आणि तो खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो.

मोजमाप आणि बिल

मॉडेलमधून काँक्रीटचे घनमीटर आणि प्लास्टरचे चौरस मीटर काढता येतात, पण ते ठेकेदाराच्या बिलाशी थेट ताडून पाहण्याआधी मोजणीचा नियम ठरवावा. आपल्याकडे मोजणी बहुधा आयएस १२०० या भारतीय मानकानुसार होते. त्यात प्लास्टरसाठी अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत. मॉडेल मात्र प्रत्येक भोक वजा करते. बाथरूमचा ६० बाय ७५ सेंटिमीटरचा व्हेंटिलेटर ०.४५ चौरस मीटरचा असतो. अशा ८० व्हेंटिलेटरांच्या स्कीममध्ये भिंतीच्या एका बाजूलाच ३६ चौरस मीटरचा फरक पडतो, आणि त्यात कोणी कोणाला फसवलेले नसते. दोन चांगल्या माणसांमध्ये अशा फरकावरून कायमची अढी बसलेली आम्ही पाहिली आहे. तसेच स्लॅब आणि तुळई मॉडेलमध्ये नीट जोडली नाही तर त्यांच्या सामाईक भागाचे काँक्रीट दोनदा मोजले जाते. त्यामुळे मॉडेलमधला कोणता आकडा अंदाजासाठी आणि कोणता बिलासाठी, हे करारातच लिहून घ्यावे.

जुने वाडे

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत जुना वाडा उतरवून किंवा राखून नवे बांधकाम करणाऱ्यांसाठी पहिला उपयोग हा आहे त्या स्थितीचे मॉडेल करणे हाच असावा. तिथल्या भिंती काटकोनात नसतात, शेजाऱ्याची भिंत सामाईक असते आणि जुन्या नकाशावर भरवसा ठेवता येत नाही. लेझर स्कॅनरने मोजणी केली की वाकलेली भिंत वाकलेलीच दिसते. पण स्कॅनरला प्लास्टरच्या आतले लाकूड दिसत नाही. त्यासाठी दोनचार ठिकाणी प्लास्टर उकरूनच पाहावे लागते.

कोणाची फाइल खरी

आपल्या शहरातले अनेक आरसीसी सल्लागार आजही टूडी नकाशेच देतात आणि त्यांच्यावरून मॉडेल आम्ही करतो. अशा वेळी मॉडेल आणि सही केलेला नकाशा यांत तफावत आढळली तर सही केलेला नकाशाच ग्राह्य, आणि तफावत आम्ही लेखी कळवायची, हे कलम आम्ही आवर्जून घालतो. शिवाय सर्वांनी सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती धरावी, कारण रेव्हिट या मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरची नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये आयएफसी या खुल्या स्वरूपात देवाणघेवाण करता येते, मात्र एक छोटी फाइल आधी पाठवून त्यातली माहिती शाबूत पोचते का, ते पाहून घ्यावे.

फाइली ठेवण्यासाठी एकच सामाईक जागा हवी आणि तिथे चार कप्पे असावेत : काम चालू असलेल्या, इतरांनी पाहण्यासाठी दिलेल्या, बांधकामासाठी मंजूर झालेल्या आणि जुन्या म्हणून जपून ठेवलेल्या. साइटवर फक्त तिसऱ्या कप्प्यातले नकाशे जावेत. प्लंबरच्या मोबाइलवर तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी पाठवलेली पीडीएफ असते आणि तो तिच्यावरूनच भिंत फोडतो. त्यात त्याचा दोष नसतो, कारण त्याला दुसरी कोणी दिलेलीच नसते. म्हणून मंजूर नकाशाची छापील प्रत साइट ऑफिसच्या भिंतीवर लावणे आणि जुनी काढून घेणे हे कोणाचे काम, त्या माणसाचे नाव आम्ही आराखड्यात लिहितो.

एकट्या बंगल्यासाठी एवढा सगळा खटाटोप करण्याची गरज नाही. तिथे शून्य पातळी, नकाशांचे कप्पे आणि स्लॅबआधीची एक बैठक पुरते.

पहिल्या बैठकीला येताना

जागेचा मोजणी नकाशा, मातीचा तपासणी अहवाल झाला असल्यास तो, सर्व सल्लागारांची नावे आणि त्यांची सॉफ्टवेअर, स्लॅबच्या अंदाजे तारखा आणि आपल्याला वाटणारे उपयोग एका कागदावर लिहून आणावेत. उपयोगांपुढे प्रत्येकी एक ओळ लिहावी : ही माहिती कोण वापरणार आणि कधी. ज्या उपयोगापुढे नाव लिहिता येणार नाही तो आम्ही तिथेच खोडू. त्यानंतर आराखड्याचा कच्चा मसुदा आम्ही करून देतो आणि तो सर्व सल्लागार व ठेकेदार यांच्यासमोर वाचला जातो. मॉडेलचे दर त्या वाचनानंतरच सांगतो, कारण त्याआधी काम किती आहे हे आम्हालाही ठाऊक नसते. बैठकीला आपल्या इमारतीची देखभाल पुढे जो माणूस पाहणार आहे, त्यालाही सोबत आणावे. सध्याच्या इमारतीत त्याला कोणता व्हॉल्व्ह शोधताना त्रास होतो, हा आमचा त्याला पहिला प्रश्न असेल.