कॉफीला वाट पाहायला लावू नका

गेस्टहाउस चार खोल्यांचं असलं तरी पाहुणे उठतात आपापल्या वेळेला. कुणी सहालाच बाहेर पडायला तयार, कुणी साडेनवाला डोळे चोळत येतं. सगळ्यांची सोय म्हणून पहाटेच भांडंभर कॉफी केली जाते आणि हॉटप्लेटवर तापत ठेवली जाते. चव बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. यंत्र कितीही महाग असलं तरी त्याचा इथे काही उपयोग होत नाही.

भाजलेल्या कॉफीत क्लोरोजेनिक आम्लं असतात आणि भाजताना त्यांच्यापासून बनलेली लॅक्टोन नावाची संयुगंही असतात. तयार कॉफी तापत राहिली की पाणी या रेणूंना फोडत जातं आणि क्विनिक व कॅफिक आम्लांचं प्रमाण वाढतं. तासाभरापूर्वी छान लागलेली कॉफी मग आंबूस, तुरट लागते. सुगंधाचे हलके रेणू वाफेबरोबर निघून जातात, पाणी आटून कडवटपणा आणखी दाट होतो. अशी कॉफी पुन्हा उकळणं तर अगदीच वाईट.

यावर साधा उपाय थर्मासचा. त्याच्या दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीमुळे उष्णता टिकते, वरून आच द्यावी लागत नाही. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्यावा. रासायनिक बदल त्यातही पूर्ण थांबत नाहीत, म्हणून एकदम मोठा घाणा न काढता थोडी थोडी कॉफी करावी.

दळलेली पूडही अशीच ताटकळून शिळी होते. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि सुगंधी द्रव्यं कोंडलेली असतात. बी दळली की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, वायू निसटतो आणि हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. ताज्या पुडीवर गरम पाणी ओतलं की ती फसफसून फुगते. फुगलीच नाही, तर ती बहुधा जुनी असते. म्हणून हाताने फिरवायचा का होईना, पण ग्राइंडर घ्यावा आणि लागेल तेवढंच दळावं. माझ्या मते खर्च करायचाच असेल तर तो आधी इथे करावा.

भाजलेल्या कॉफीचा साधारण 28 ते 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण सगळा उतरवायचा नसतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी 1950च्या दशकात केलेल्या कामातून 18 ते 22 टक्के ही मर्यादा रूढ झाली. आंबट आणि गोड चवीची द्रव्यं लवकर उतरतात, कडू-तुरट मागाहून. पूड कमी घालून ती जास्त वेळ उकळण्याची काटकसर त्यामुळेच अंगाशी येते: कॉफी पातळही होते आणि कडूही. लिटरला 55 ते 60 ग्रॅम पूड आणि 90 ते 96 अंश सेल्सिअसचं पाणी हे प्रमाण सुरुवातीला चांगलं. पूड वजनकाट्यावर मोजावी. गडद भाजलेली बी फुगून हलकी होते, त्यामुळे चमच्याचं माप फसवतं.

कपात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पाण्यातली बायकार्बोनेटं कॉफीतली आम्लं मारतात आणि चव सपाट होते. किटलीत पांढरा थर साचत असेल तर गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरून पाहावं.

उशिरा उठणाऱ्यासाठी मात्र थर्मासही नको. कागदी फिल्टरमध्ये 15 ग्रॅम पूड आणि 250 मिलिलिटर पाणी घेतलं की तीन-चार मिनिटांत ताजा कप तयार. हा फिल्टर जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 साली आणला. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागद त्याचा बराचसा भाग अडवतो. पाहुणा दोन दिवसांत निघून जातो, रोज तीच कॉफी पितात ती घरातली माणसं. त्यामुळे कागदाचा हा फायदा जास्त त्यांनाच.