द्विप्रावस्था प्रवाहदर्शन व मापन

द्विप्रावस्था प्रवाहदर्शन व मापन : एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, किंवा द्रव आणि त्यात अडकलेली हवा वा वाफ, एकत्र वाहत असताना त्यांची गती दृश्य करण्याची व मोजण्याची पद्धती. पाण्याबरोबर वाहणारे तेल, हायड्रॉलिक पंपाच्या तेलात शिरलेली हवा आणि उकळता उसाचा रस ही परिचित उदाहरणे होत.

बेळगाव, चिकोडी, निपाणी भागातल्या गुऱ्हाळांवर हे निरीक्षण उपकरणाविना चालते. मळी काढून झाली की गुळव्याची नजर काहिलीतल्या बुडबुड्यांवर असते. आधी हलका फेस, मग उसळती उकळी आणि पाक दाट होत आला की जाड, सावकाश फुटणारे बुडबुडे. फेस काठावर चढू लागला की तेलाचे चार थेंब शिंपडतात. तेल फेसाच्या पातळ पापुद्र्यात पसरून तो फोडते. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी बांधते का ते पाहतात. तापमान तेव्हा 118° से.च्या आसपास असते. बुडबुड्यांवरून श्यानता (दाटपणा) ओळखण्याची ही रीत आदराने नोंदवावी अशी आहे. मात्र तीत दिसतो तो पृष्ठभाग. रस तळातून कोठून वर येतो, कोठे खाली वळतो, हे फेसाखाली झाकलेलेच राहते.

प्रयोगशाळेतही खरी अडचण हीच असते. हवेचा वक्रीभवनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो ते दर्शविणारा अंक) सुमारे 1.00, पाण्याचा 1.33, दोहोंच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश वाकतो व परततो. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मी. खाली कोसळते, तेथील फेस पांढरा दिसतो तो यामुळेच. त्यातल्या पाण्याच्या पापुद्र्याला किंवा हवेला स्वतःचा पांढरा रंग नसतो.

दोन द्रवांच्या बाबतीत यावर सुंदर उपाय आहे : दोघांचा वक्रीभवनांक सारखा करणे. सिलिकॉन तेलाचा तो सुमारे 1.40 असतो, निम्मे ग्लिसरीन व निम्मे पाणी वजनाने मिसळले की जवळपास तेवढाच येतो. बोरोसिलिकेट काचेची कांडी शुद्ध ग्लिसरीनमध्ये बुडवली की बुडालेला भाग दिसेनासा होतो, तसेच येथे तेलाचे थेंब नाहीसे होतात आणि कॅमेऱ्याला आरपार दिसते. जुळणी तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांभाळावी लागते. तापमान वाढले की तेलाचा वक्रीभवनांक जलीय मिश्रणाच्या मानाने झपाट्याने घटतो. त्यामुळे सकाळी नितळ असलेले मिश्रण दुपारच्या उकाड्यात पुन्हा दुधट होऊ शकते. जुळणी साधली की दोन द्रवांमधली सीमाही दिसत नाही, म्हणून एका द्रवात ऱ्होडामीनसारखे अनुस्फुरक (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देणारे) रंजक मिसळून ती ओळखतात.

वेग मोजण्यासाठी द्रवात सुमारे 10 मायक्रॉनचे कण सोडून 532 नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा पातळ पडदा दोनदा चमकवतात. दोन चित्रांमधले अंतर 500 मायक्रोसेकंद असेल आणि कण 0.25 मिमी. सरकला असेल, तर वेग सेकंदाला 0.5 मी. कण अनुस्फुरक घेतले तर नारिंगी गाळणीने बुडबुड्यांवरून परतणारी हिरवी चमक अडवता येते. त्यांच्याभोवतीचा वेग मोजताना याचा फार उपयोग होतो.

या कणप्रतिमा पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश अभियंते ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांचा 1883 चा रंगधाग्याचा (वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडण्याचा) प्रयोग आणि जर्मन शास्त्रज्ञ लूटव्हिख प्रांट्ल यांच्या पाण्याच्या वाहिनीतले अभ्रककण यांना काही जण पूर्वज मानतात. पण त्यांत प्रवाह दिसला तरी वेगाचे पद्धतशीर क्षेत्रमापन नव्हते. दुसऱ्या मतानुसार 1977 मध्ये वेगवेगळ्या गटांनी द्रवप्रवाहाला लावलेली लेसर-कर्बुर (विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या ठिपक्यांच्या नक्षीची) पद्धत हा आरंभ होय. 1984 मध्ये ॲड्रियन, तसेच पिकरिंग व हॅलिवेल यांनी दाखवले, की विरळ कण असताना कर्बुर उरत नाही, सुट्या कणांच्या प्रतिमा उमटतात. नामकरणही तेव्हाचेच, म्हणून तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फिल्मऐवजी थेट अंकीय चित्रण विलर्ट व घरीब यांच्या 1991 च्या कामापासून रूढ झाले.

हवा आणि द्रव यांचा वक्रीभवनांक जुळवता येत नाही. बुडबुडे दाट झाले की प्रकाश सोडून धारकता (विद्युत् भार साठवण्याची क्षमता), गॅमा किरण किंवा तारजाळी संवेदक वापरतात. तारजाळीत परस्परांना छेदणाऱ्या बारीक तारांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक छेदाजवळची विद्युत् संवाहकता मोजून तेथे पाणी आहे की हवा ते ठरते. जाळी प्रवाहात उभी असल्याने बुडबुडे तिच्यावर चिरले जातात, म्हणून प्रवाह तिच्यातून पार झाल्यावरच्या भागातील मापे वापरत नाहीत.