पॅलेस थिएटर : आखाड्याच्या शेजारी उभं राहिलेलं नाटकघर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. जुनी मंडळी या वास्तूला आजही पॅलेस थिएटरच म्हणतात. तिची गोष्ट सुरू होते ती मात्र कुस्तीपासून.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं शाहू महाराज युरोपला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि ते त्यांच्या मनात बसलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. मधोमध लाल मातीचा हौद, भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. मैदानाला लागूनच १९१३ मध्ये नाट्यगृहाचं काम निघालं आणि १९१५ मध्ये पुरं झालं. मल्ल आणि नट शेजारी शेजारी, ही आवड खास शाहूंची!

प्रेक्षकाला सगळं दिसलं पाहिजे, हा हट्ट इथंही आहे. प्रेक्षागृहात नजरेआड येणारे मधले खांब नाहीत. छपराचा भार बाजूच्या दगडी भिंतींवर, आत मात्र लाकडाचा सढळ वापर. तेव्हा माइक नव्हते. नटाचं पद शेवटच्या रांगेपर्यंत जायचं ते गळ्याच्या आणि बांधणीच्या जोरावर.

असा गळा कोल्हापूरच्याच केशवरावांचा. १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली, शाहूंनी पाठीवर हात ठेवला. १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर होते. त्यानंतर काही महिन्यांतच, एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. १९५७ मध्ये नाट्यगृहाला त्यांचं नाव मिळालं.

सिनेमाशीही या नाटकवेडाचं नातं आहे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर पुढं स्वतः कॅमेरा तयार करून ‘सैरंध्री’ (१९२०) काढतात. कोल्हापूरची चित्रनगरी म्हणून ओळख त्यानंतरची. आधी इथं रंगवलेला पडदा होता, मग हलता.

आगीत छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. नाट्यगृहाच्या पाठीमागचा, मैदानाकडे तोंड असलेला खुला रंगमंचही जळाला. दगडी भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. नाट्यगृह होतं तसंच पुन्हा बांधायचं, असं सरकारनं जाहीर केलं. ‘होतं तसंच’ म्हणजे दर्शनी भाग उभा करून भागणार नाही. नवं छप्पर आगीला दाद देणार नाही असं हवं आणि तरी माइकशिवाय म्हटलेलं पद मागच्या रांगेला ऐकू यायला हवं. खरी कसोटी तिथं आहे.