पंडित, विजयालक्ष्मी : आत्मपर व राजकीय लेखन

जवाहरलाल नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित (१८ ऑगस्ट १९००–१ डिसेंबर १९९०) यांच्या आठवणी मुख्यत्वे तीन इंग्रजी पुस्तकांत आहेत : ‘सो आय बिकेम अ मिनिस्टर’ (१९३९), ‘प्रिझन डेज’ (१९४५ च्या सुमारास) आणि ‘द स्कोप ऑफ हॅपिनेस’ (१९७९). पहिले संयुक्त प्रांतातील (आजचा उत्तर प्रदेश) मंत्रिपदाच्या काळातले, दुसरे नैनी तुरुंगातली रोजनिशी, तिसरे सविस्तर आत्मचरित्र. ‘दि इव्होल्यूशन ऑफ इंडिया’ (१९५८) हा व्याख्यानसंग्रह आठवणींत मोडत नाही. मॉस्को, वॉशिंग्टन व लंडन येथील वकिलाती आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपद (१९५३) यांमुळे आत्मचरित्राकडे राजनैतिक इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. तो उपयोग खरा आहे. पण पुस्तकाचा कणा १९४४ सालच्या वैधव्यात आहे, असे प्रस्तुत नोंदीत मानले आहे.

माहेरचे नाव स्वरूपकुमारी. मे १९२१ मध्ये रणजित सीताराम पंडित यांच्याशी अलाहाबादला विवाह झाला आणि सासरच्या रीतीने नाव बदलले. रणजित आणि विजया या नावांचा अर्थसंबंध उघड आहे. पंडित घराणे मूळचे कोकणातल्या बांबुळीचे, नंतर काठेवाडात राजकोटला स्थिरावलेले. ‘वेदार्थयत्न’कार व तुकारामगाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीशी निगडित असलेले शंकर पांडुरंग पंडित याच घराण्यातले. रणजित पंडितांनी कल्हणाच्या राजतरंगिणी या काश्मीरच्या संस्कृत इतिहासकाव्याचे इंग्रजी भाषांतर केले (१९३५). त्यांना अनेकदा केवळ ‘नेहरूंचे मेहुणे’ म्हणून निकालात काढले जाते, हे अन्यायाचे आहे.

‘प्रिझन डेज’चा आरंभ १२ ऑगस्ट १९४२ च्या अटकेने होतो. मुलगी चंद्रलेखा आणि भाची इंदिरा याही पुढे त्याच बराकीत आल्या. बराकीच्या मध्यभागी अंथरलेल्या जुन्या निळ्या जाजमाला या तिघींनी ‘निळा दिवाणखाना’ असे भारदस्त नाव दिले होते. नंतरच्या मोठ्या पुस्तकात असा तपशील विरळ होत जातो.

रणजित पंडित १४ जानेवारी १९४४ रोजी लखनौला वारले. तुरुंगवासात प्रकृती ढासळली होती आणि मृत्युपत्र केलेले नव्हते. तीन मुली, मुलगा नाही. म्हणून हिंदू कायद्याप्रमाणे पतीच्या मालमत्तेवर आपला हक्क राहिला नाही, दिरांनी ती अडवली आणि बँकेतली खातीही गोठली, असे आत्मचरित्रात आहे. नंतरच्या बहुतेक चरित्रपर लेखांनी हे विधान जसेच्या तसे उचलले. कायद्याच्या दृष्टीने ते तपासून घ्यावे लागते. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीने १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या संपत्तिहक्काचा कायदा झाला होता, आणि वकीलवर्ग त्याला ‘देशमुख कायदा’च म्हणे. त्यापूर्वी मिताक्षरा या हिंदू वारसापद्धतीत अविभक्त सहदायकाचा (एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हिस्सेदार पुरुषाचा) हिस्सा उरलेल्या सहदायकांकडे जाई व विधवेला अन्नवस्त्रापुरता हक्क उरे. १९३७ नंतर पतीचा हिस्सा विधवेकडे येऊ लागला आणि ती वाटणीही मागू शकत होती. मात्र मालकी हयातीपुरती व मर्यादित. जमीनजुमला एरवी विकता येत नसे. त्यातून १९४१ साली फेडरल कोर्टाने मत दिले की गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीला हा कायदा लागूच होत नाही, कारण शेतजमिनीचा वारसा हा प्रांतिक विषय होता. मुंबई आणि संयुक्त प्रांतांनी स्वतंत्र कायदे करून ही फट बुजवली. संस्थानी मुलुखात ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप चालत नसे, ही आणखी एक अडचण. तेव्हा ‘हक्कच नव्हता’ यापेक्षा ‘हक्क होता, पण तोकडा आणि कोर्टाची पायरी चढल्याशिवाय हाती न येणारा’ असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. नुकतीच तुरुंगातून सुटलेली, पदरी तीन मुली असलेली बाई पायऱ्या किती चढणार, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत येत नाही. तो या आत्मचरित्रात येतो, आणि हेच त्याचे मोल. मर्यादित मालकी जाऊन पूर्ण मालकी आली ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने.

१९४४ च्या अखेरीस त्या अमेरिकेला निघाल्या. सासरच्यांशी समेट केलास का, असे गांधीजींनी निघण्यापूर्वी विचारले आणि विजयालक्ष्मींनी जाऊन सासरच्यांचा निरोप घेतला. ही आठवण त्यांनी अत्यंत संयमाने सांगितली आहे.

विजयालक्ष्मींच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने मांडलेला दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नावरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला; सात सदस्य तटस्थ राहिले. दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक ठरले होते. तटस्थांची मते गणतीत धरत नसल्यामुळे ४७ मतांत किमान ३२ लागत, आणि नेमकी तितकीच पडली. एक मत फिरले असते तर ठराव पडला असता. मतदानानंतर त्या दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असल्यास क्षमा मागितली. त्यावर हा विजय पोकळ असून आपली सत्ता मात्र जाईल, असे ते म्हणाले, असा वृत्तांत आहे. संभाषणाचा आधार प्रामुख्याने त्यांचे स्वतःचे कथन आहे. स्मट्स १९४८ ची निवडणूक हरले, पण त्याची कारणे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्गत राजकारणात शोधली जातात.

मॉस्कोत (१९४७–४९) स्टालिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्यांच्यानंतर आलेल्या राधाकृष्णन यांना ती जानेवारी १९५० मध्ये मिळाली. काहींनी याचे खापर त्यांच्या राहणीवर फोडले आणि वकिलातीसाठी स्वीडनहून आणलेल्या सामानाचा दाखला दिला. भारताचे स्वातंत्र्य नाममात्र आहे, अशी त्या काळची सोव्हिएत धारणा हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. वॉशिंग्टनमध्ये (१९४९–५१) धान्याची मागणी हा कळीचा विषय होता. डिसेंबर १९५० मध्ये मागितलेल्या २० लाख टन धान्याबाबत कायदा व्हायला जून १९५१ उजाडला, तोही १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपात.

महाराष्ट्राच्या त्या पहिल्या स्त्री राज्यपाल (नोव्हेंबर १९६२–ऑक्टोबर १९६४). चीनच्या आक्रमणामुळे यशवंतराव चव्हाण नुकतेच दिल्लीला गेले होते. मुख्यमंत्री कन्नमवारांचे निधन आणि डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईकांचा शपथविधी याच काळातला.

नेहरूंच्या निधनानंतर त्यांनी राज्यपालपद सोडले आणि फुलपूरची पोटनिवडणूक जिंकली. १९६८ मध्ये लोकसभेचाही राजीनामा देऊन त्या डेहराडूनला राहिल्या. १९७७ मध्ये मात्र तिथून बाहेर पडून आणीबाणी लादणाऱ्या सरकारविरुद्ध त्यांनी प्रचार केला. नैनीच्या त्या बराकीतली भाचीच आता समोर होती. आत्मचरित्रात हा भागही येत असल्याने त्याचे अखेरचे लेखन १९७७ नंतरचे धरावे लागते.