देवरहाटी

देवरहाटी म्हणजे गावदेवाच्या नावाने राखून ठेवलेलं रान. घाटावर याला देवराई म्हणतात, दोडामार्ग-गोव्याकडे देवराण. रान रवळनाथाचं असो, सातेरीचं की वाघजाईचं, तोड करायची तर आधी देवाला कौल लावायचा, म्हणजे त्याची परवानगी विचारायची, हे कोकणात कुणाला नव्याने सांगायला नको.

नावाचा गुंता मात्र आहे. 'राई' म्हणजे दाट झाडी, हा शब्द बहुधा संस्कृत 'राजि' म्हणजे रांग यावरून आला असावा. 'रहाटी' पण त्यातलाच समजला जातो, पण ते तितकंसं पटत नाही, कारण राहाटी म्हणजे चालरीत, वहिवाट, आणि सिंधुदुर्गात गावरहाटी हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. तसं धरलं तर देवरहाटी म्हणजे नुसती झाडं नाहीत, जमीन, झरा, गुरव, मानकरी आणि देवाचा हक्क असं सगळं एकत्र आलं.

किती जुनी, यावर एकमत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या, त्यांचा कल ही प्रथा शेतीच्याही आधीची, शिकार-कंदमुळांच्या काळातली असावी असा होता, आणि बऱ्याच ठिकाणी देव म्हणजे उघड्यावरचा अनगड धोंडा असतो हे बघता त्यात तथ्य वाटतं. पण आज दिसते ती मानपानाची घडी गाव वसल्यानंतरची असणार.

रानात किंजळ, ऐन, बेहडा, सातवीण, गारंबीचे जाड वेल. जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणून म्हातारं झाड गेलं की पक्ष्याचं घरच जातं. बांबर्डे (दोडामार्ग) इथल्या देवराईत रानजायफळाची दलदल, म्हणजे ही झाडं वाढतात अशी पाणथळ जागा आहे, महाराष्ट्रात ही फार दुर्मीळ गोष्ट, तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय.

आताचं सगळ्यात मोठं नुकसान श्रद्धा कमी झाल्याने नाही, उलट देवळाच्या जीर्णोद्धाराने होतंय, कारण सभामंडप, पेव्हर ब्लॉक, गाडीरस्ता आला की आजूबाजूची झाडं जातात, देव तिथेच राहतो आणि रहाटी संपते. आपण निसर्ग 'वाचवायचा' म्हणतो तेव्हा तो आपल्या ताब्यात आहे असं धरून चालतो, इथे जमीन देवाची आणि माणूस परवानगी मागणारा, म्हणून ही प्रथा परत नीट समजून घ्यायला हवी.

कायद्यानेही या रानांची दखल घेतलीय. जंगलतोडीवरच्या १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 'वन' शब्दाचा अर्थ मालकी न बघता लावायला सांगितला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरणांच्या (तिकडच्या देवरायांच्या) निकालात केंद्राला देशभरातल्या देवरायांसाठी धोरण करायची शिफारस केली.